आधारवर्तुळ

बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीभोवती, तिच्या संमतीने, मुद्दाम जमवलेला मित्र, नातेवाईक, शेजारी व परिचितांचा विनामोबदला गट. ही मंडळी ठरावीक काळाने भेटतात. नोकरी, घर, पैसे, प्रवास, प्रेमसंबंध यांबद्दल त्या व्यक्तीशी बोलतात आणि जमेल ते काम अंगावर घेतात. बैठकीला कोणाला बोलवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच.

या पद्धतीचे मूळ कॅनडातल्या टोरांटोत आहे. तिथल्या ज्युडिथ स्नो (१९४९–२०१५) यांचे अपंगत्व शारीरिक होते, बौद्धिक नव्हे. निवासी संस्थेत राहून नोकरी करताना त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा, १९७९-८० च्या सुमारास, शिक्षणतज्ज्ञ मार्शा फॉरेस्ट आणि इतर मित्रांनी 'जोशुआ समिती' स्थापून पाठपुरावा केला आणि स्वतःच्या घरी मदतनीस ठेवण्यासाठी त्यांना सरकारी निधी मिळवून दिला. हीच रीत पुढे बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी व तरुणांसाठी वापरली जाऊ लागली.

फॉरेस्ट आणि सहकारी कागदावर एकात एक चार वर्तुळे काढायला सांगत. सर्वांत आत जिवाभावाची माणसे, मग मित्र, त्यानंतर ज्या मंडळांत वा संघांत ऊठबस असते तिथले लोक आणि सर्वांत बाहेर पैसे घेऊन सेवा देणारे. बौद्धिक दिव्यांग तरुणाच्या कागदावर बहुधा पहिल्या वर्तुळात आईवडील आणि भावंडे असतात, चौथे डॉक्टर-थेरपिस्ट-शिक्षकांनी गच्च भरलेले असते, आणि मधली दोन जवळजवळ कोरी. शाळा संपली की ही पोकळी उघडी पडते. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार विशेष शिक्षणाचा हक्क फार तर बाविसाव्या वाढदिवसापर्यंतच टिकतो. त्यानंतर रोजचे सोबतीच उरत नाहीत. पगारी माणूस कितीही मायाळू असला तरी नोकरी बदलली की तोही जातो.

हे काम आपसूक होत नाही. म्हणून वय होत चाललेल्या पालकांनी १९८९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्थापलेली 'प्लॅन' ही संस्था वर्तुळ जमवण्यासाठी खास माणूस नेमते. मैत्री जुळवायला पगारी माणूस, ही विसंगती खरीच. पण पहिला फोन कोणीतरी करावाच लागतो. त्याच प्रांताचा प्रतिनिधित्व करारविषयक कायदा (१९९६) एक पाऊल पुढे जातो. निर्णयांत मदत करणारा प्रतिनिधी प्रौढाने स्वतः नेमायचा, असा हा करार : तो करण्याची प्रौढाची क्षमता ठरवताना प्रतिनिधीशी असलेले विश्वासाचे नातेही विचारात घेतले जाते.

या पद्धतीवर आक्षेपही आहे. वर्तुळातले सगळेच बिगरदिव्यांग असले, तर प्रेमापोटी का होईना, निर्णय तेच घेऊन टाकतात. याउलट, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९७४ साली सुरू झालेल्या 'पीपल फर्स्ट' चळवळीत पदाधिकारी स्वतः बौद्धिक दिव्यांग असतात. इतरांचे काम मदतीपुरते.

महाराष्ट्रात 'आमच्या पश्चात काय?' हा पालकांचा कायमचा प्रश्न. त्यातूनच पालकांनी बदलापूरची 'आधार'सारखी निवासी संस्था उभारली. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार (१९९९) स्थानिक समिती कायदेशीर पालक (गार्डियन) नेमते, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाची व्याख्याच परस्पर विश्वासावर आधारलेला संयुक्त निर्णय अशी करतो. शब्द ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याशी बरेच जुळतात. पण भारतातले हे दोन्ही कायदे बोलतात ते कायदेशीर पालकाबद्दल. दिव्यांगांच्या कार्यशाळेतून परतल्यावर संध्याकाळी कोणाकडे जायचे, हे त्यांच्या कक्षेबाहेरच राहते.