रिस्टोर आणि मॉडिफाय: फरक चकाकीत नाही

गेल्या दिवाळीत ओळखीतला एक मुलगा जुनी जावा मोटरसायकल घेऊन दारात आला. "काका, आजोबांची गाडी. पूर्ण रिस्टोर केली." गाडी देखणी होती. टाकी मॅट काळी, पुढे डिस्क ब्रेक, मागचा मडगार्ड अर्ध्यावर कापलेला, एकूण एक नटबोल्ट क्रोम केलेला. त्याने किक मारली आणि मागून दाट पांढरा धूर सुरू झाला. इंजिन गरम झालं तरी तो थांबेना. इंजिन उघडलं होतं का, असं विचारल्यावर म्हणाला, "नाही, ते चालू होतं ना." आणि मडगार्डचा कापलेला तुकडा? तो भंगारात गेला होता.

त्या मुलाने आठ महिने खपून, खिशाला चाट लावून काम केलं होतं. त्याच्या मेहनतीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्याने जे केलं त्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत आणि हा नुसता शब्दांचा वाद नाही. शब्द चुकला म्हणून कामाचा क्रम चुकला, आणि क्रम चुकला म्हणून परत न मिळणारा पत्रा भंगारात गेला. गाडी विकायच्या जाहिरातींत 'फुल्ली रिस्टोर्ड' हे शब्द मी रोज वाचतो आणि फोटोत वेगळंच काही बघतो. म्हणून एकदा नीट लिहितोय.

मॉडिफिकेशन सगळ्यांना माहीत आहे. बॉबर (मडगार्ड कापून सुटसुटीत केलेली गाडी), कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर हे प्रकार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. आपल्याला हवी तशी गाडी करून घेणं, एवढंच ते. त्यात वाईट काही नाही. मी स्वतः एक बॉबर केली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे.

रिस्टोरेशन म्हणजे कारखान्यातून गाडी जशी बाहेर पडली तशी ती परत उभी करणं. गाडी 'नवीन दिसणं' आणि गाडी 'तशी असणं' यांत बरंच अंतर आहे. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्या जावाच्या टाकीच्या बगलेत क्रोम होतं, पण नटबोल्टांना आरशासारखी चकाकी नव्हती. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच दांडा गिअरसाठी दाबला की क्लच आपोआप सुटतो, हे मात्र आज जावा चालवणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. कारण मधल्या पन्नास वर्षांत कुठल्यातरी मिस्त्रीने ती रचना 'कटकट नको' म्हणून काढून टाकलेली असते. टाकीवरची सोनेरी रेघ हुबेहूब मारायची आणि हा क्लच तसाच मेलेला ठेवायचा, याला मी रिस्टोरेशन म्हणणार नाही.

या दोन्हींच्या खाली तिसरं एक काम असतं आणि बहुतेक नवशिके नेमकं तेच गाळतात. आपल्याकडे त्याला सरळ 'इंजिन काम' म्हणतात. त्या मुलाच्या गाडीचा पांढरा धूर तिथूनच येत होता. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची पेटी, हवाबंद असावी लागते, कारण पिस्टन खाली येताना तिथलंच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलतो. क्लचच्या बाजूचं ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, गेलं की क्रँककेसमधली ओढ गिअरबॉक्सकडचं ऑईल आत खेचते आणि ते जळत राहतं. प्लग ओला होतो, गिअर ऑईल कमी होत जातं आणि मालक कार्बोरेटर फिरवत बसतो. सील फार महागाची वस्तू नाही, पण तिथपर्यंत पोचायला इंजिन उघडावं लागतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची सील रबर कडक होऊन गेलेली असतात, हे गृहीतच धरा. गाडी रिस्टोर करा, नाहीतर बॉबर करा, इंजिन काम दोन्हीत सारखंच आणि दोन्हीत पहिलं.

आता मुख्य मुद्दा. रिस्टोर आणि मॉडिफाय यांच्यातली रेषा नक्की कुठे असते?

पहिलं उत्तर येतं ते दिसण्यावरून: जुनी दिसते म्हणजे रिस्टोर, वेगळी दिसते म्हणजे मॉडिफाय. हे चूक आहे. मरून रंगाच्या, सोनेरी रेघांच्या, वरून निर्दोष दिसणाऱ्या जावाच्या पोटात सहा व्होल्टच्या डायनॅमोऐवजी बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक किट असू शकतं. ती मॉडिफाय केलेली गाडी आहे. चांगली मॉडिफाय केलेली आहे, रात्रीच्या घाटात मी तीच निवडेन; पण विकताना तिला 'ओरिजिनल' म्हणू नये.

दुसरं उत्तर असतं पार्ट्सवरून: कंपनीचा पार्ट लावला तर रिस्टोर, डुप्लिकेट लावला तर मॉडिफाय. हेही टिकत नाही. मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. पुण्याच्या नाना पेठेत मिळणारं रबर किंवा केबल आज कोणीतरी नवीनच बनवलेली असते. माप, धातू आणि काम मूळ भागासारखं असेल तर नवीन बनवलेला पार्टही रिस्टोरेशनमध्ये बसतो. उलट, अस्सल पण दुसऱ्या मॉडेलचा पार्ट बसत नाही. त्याच कारखान्याच्या, पण 1978 मध्ये आलेल्या येझदी रोडकिंगचे भाग साठच्या दशकातल्या जावाला लावायचे आणि 'सगळं ओरिजिनल आहे' म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

तिसरं उत्तर बऱ्यापैकी बरोबर आहे. मीही खूप वर्षं तेच धरून चाललो: जे परत करता येतं ते चालेल, जे करता येत नाही ते मॉडिफिकेशन. म्हणजे पान्याने खोललेलं परत जोडता येतं, ग्राइंडरने कापलेलं जोडता येत नाही. नवशिक्याला एकच नियम सांगायचा असेल तर आजही मी हाच सांगतो. पण तोही पुरता बरोबर नाही, आणि हे मला सिलिंडरने शिकवलं.

जावाचं इंजिन 65 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची वरखाली धाव). हिशेब केला तर 248.9 सीसी येतात. सिलिंडर झिजून अंडाकृती झाला की लेथवाल्याकडे बोअरिंगला जातो. तिथे तो आतून खरवडून मोठा केला जातो आणि ओव्हरसाइज पिस्टन घातला जातो. पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी 66 पर्यंत गेलात तर इंजिन सुमारे 256.6 सीसीचं होतं. गेलेला धातू परत येत नाही. मडगार्ड कापण्याइतकंच हे काम कायमचं आहे. तरीही बोअरिंगला कोणी मॉडिफिकेशन म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे.

कारण तो ओव्हरसाइज पिस्टन ही माझी किंवा लेथवाल्याची कल्पना नव्हे. सिलिंडर झिजणार हे गाडी बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून भिंतीत तेवढी जाडी ठेवली होती आणि पुढचे पिस्टन ठरवून ठेवले होते. दुरुस्तीची ही वाट मूळ आराखड्यातच आखलेली आहे. मागचा मडगार्ड कुठे कापायचा, ही रेघ मात्र आराखड्यात कुठेच नाही. ती त्या मुलाने आखली.

म्हणून प्रत्येक कामाआधी मी स्वतःला विचारतो, हा निर्णय कोणाचा? कारखान्याच्या पुस्तकात माप असेल आणि मी ते पाळत असेन, तर ते रिस्टोरेशन, मग त्यात धातू का जाईना. माप माझ्या आवडीचं असेल तर ते मॉडिफिकेशन, मग ते खोलून परत जोडता का येईना. आणि माझी आवडही आहे आणि ते कायमचंही आहे, असं दोन्ही जमून आलं की हात थांबवायचा. ते काम करायचंच असेल तर दुसऱ्या, आधीच खराब झालेल्या पार्टवर करायचं. बॉबर हवी आहे ना? मग जुन्या बाजारातून गंजलेला, चेपलेला मडगार्ड आणा आणि तो कापा. आजोबांचा कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. माझ्या बॉबरचा मूळ मडगार्ड मी पहिल्याच आठवड्यात ग्राइंडरखाली घातला होता. त्या मापाचा सरळ, न कुजलेला पत्रा मला अजून मिळालेला नाही आणि त्याची खंत गेलेली नाही.

सायलेन्सरचा मुद्दा इथेच उरकतो, कारण त्यात लोक हमखास फसतात. आतली बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढून आवाज मोठा करतात. दिसायला हे परत करता येण्यासारखं आहे, कारखान्याच्या पुस्तकात मात्र नाही. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर जाणाऱ्या धुराचा दाब आतल्या मिश्रणाला सावरून धरतो. बॅफल गेली की चढावर खालच्या गिअरमधली ओढ मरते. बॅफल बाहेर काढायची ती काजळी साफ करण्यापुरती, आणि मग परत बसवायची.

कायदाही याच रेषेवर उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. 2021 मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले, त्यांतही हीच अट आहे: पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, आणि नवीन क्रमांक मिळाला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी नोंदणी झाली की ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. त्यामुळे प्रत्येक जुन्या गाडीला 'विंटेज' म्हणणं सोडा. 1978 ची रोडकिंग 2028 मध्ये पन्नाशी गाठेल, आणि तेव्हा तिची फ्रेम मागून कापलेली असेल तर वय होऊनही उपयोग नाही.

फ्रेमचा विषय निघालाच आहे तर पावडर कोटिंगबद्दल. फ्रेम सँडब्लास्ट करून वर जाड पावडर कोट मारला की कोरलेला चेसिस नंबर बुजतो. मग आरटीओत पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला छाप) घ्यायची वेळ आली की तोच कोट खरवडत बसावं लागतं, आणि खरवडलेल्या नंबरकडे कोणीही संशयानेच बघणार. काम देतानाच नंबरवर उष्णता सोसणारी पट्टी लावायला सांगा. मी स्वतः फ्रेमला पावडर कोट लावतच नाही. साधा रंग पातळ बसतो आणि टवका उडाला तर घरीही दुरुस्त करता येतो.

खर्च आणि वेळ यांची तुलना लोक फार करतात, मला ती महत्त्वाची वाटत नाही. रिस्टोरेशनमध्ये वेळ पार्ट शोधण्यात जातो, मॉडिफिकेशनमध्ये पार्ट बसवण्यात. पैसे दोन्हीकडे ठरवल्यापेक्षा जास्तच जातात.

कामाचा क्रम मात्र वेगळा आहे. रिस्टोर करणाऱ्याने पहिला पाना लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, प्रत्येक जोडणीचे बोल्ट वेगळ्या पिशवीत भरून चिठ्ठी लावावी आणि मोडका पार्टही टाकू नये. नवीन पार्ट आणताना माप त्याच्याच शेजारी ठेवून बघायचं असतं. मॉडिफाय करणाऱ्याने आधी पूर्ण गाडी रंगाशिवाय जोडावी. सीट, टाकी, दिवे, चाकं, सगळं. जिथे वेल्डिंग लागेल तिथे करावं, गाडी चालवून बघावी, मग परत खोलून लांबी (खड्डे भरायची पुट्टी), प्रायमर आणि रंग. आधी रंग मारून नंतर ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्यांच्या टाक्या आणि फ्रेमा मी किती पाहिल्या, त्याची मोजदाद नाही.

पहिलाच प्रोजेक्ट असेल तर माझं मत ठाम आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि चाकं पुस्तकाबरहुकूम करा. त्यावर सहा महिने गाडी चालवा. नंतर हँडल, सीट, आरसे, जे बोल्टने बसतं ते हौसेने बदला. फ्रेमला पहिल्या गाडीत हात लावू नका.

त्या मुलाचं इंजिन आम्ही गेल्या महिन्यात उघडलं. क्लचच्या बाजूचं सील बोटाने दाबलं तरी वाकेना, काठाला चीर गेलेली. दोन्ही सील बदलली, कनेक्टिंग रॉडला खेळ (ढिलेपणा) निघाला म्हणून क्रँक दुरुस्तीसाठी प्रेसवर गेला. धूर आता टू-स्ट्रोकला शोभेल इतकाच आहे. डिस्क ब्रेक त्याने ठेवलाय, कारण मूळ हब आणि ड्रम त्याच्या घरी शाबूत आहेत. मडगार्ड तेवढा राहिलाय. रविवारी जुन्या बाजारात एक दिसला म्हणून त्याचा सकाळीच फोन आला, पण फोटो बघितला तर तो रोडकिंगचा होता. बुधवारी परत जाणार आहोत.