पाइपातला पंखा: इलेक्ट्रिक मॉडेल जेटची पार्श्वभूमी

मॉडेल विमानांच्या मैदानावर कुणी इलेक्ट्रिक जेट पहिल्यांदा पाहिलं की दोन प्रश्न ठरलेले. केवढ्याला पडलं, आणि इतक्यात खाली का उतरवलं? पहिल्याचं उत्तर डॉलरच्या भावाबरोबर हलतं. दुसऱ्याचं गेल्या पंधरा-वीस वर्षांत फारसं हललेलं नाही: चार मिनिटं, जपून उडवलं तर पाच. शेजारी प्रॉपेलरवालं ट्रेनर विमान तेवढ्याच बॅटरीवर पाव तास घिरट्या घालत असतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की जेटवाल्याची बॅटरीच मेलेली असावी. तसं नसतं. त्या चार मिनिटांमागे थोडं भौतिकशास्त्र आहे आणि बराच इतिहास आहे. त्या इतिहासातले निर्णायक टप्पे विमानांच्या जगात घडलेलेच नाहीत, ही त्यातली गंमत.

आधी भौतिकशास्त्र. या विमानात जेट इंजिन नसतंच. पोटात एक नळी, नळीत पंखा, पंख्यामागे मोटर. याला इलेक्ट्रिक डक्टेड फॅन म्हणतात, मैदानावर नुसतं ईडीएफ. ७० मिलिमीटर व्यासाचा बारा पात्यांचा पंखा मिनिटाला चाळीस हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि साधारण दोन किलोचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा रेटा, देतो. एवढ्या बारक्या भोकातून दोन किलोचा रेटा काढायचा तर थोडीच हवा फार वेगाने फेकावी लागते. हवेला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि मार बसतो तो तिथे. गणित मांडलं तर त्या पंख्याला आदर्श परिस्थितीतही ७०० वॅट लागतात. प्रत्यक्षात मोटर १४०० वॅटच्या घरात खाते. तोच दोन किलोचा थ्रस्ट १२ इंची प्रॉपेलरकडून घ्या, आदर्श हिशेब २०० वॅटवर येतो. आता सहा सेलची ४००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी घ्या. २२.२ व्होल्ट गुणिले ४, म्हणजे जवळपास ८९ वॅट-अवर. पूर्ण थ्रॉटलला ती चार मिनिटांच्या आत रिकामी होते. लिथियम पॅक शहाणा माणूस वीस टक्क्यांखाली नेत नाही, म्हणजे राहिली तीन. अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर उडवून त्याची चार-पाच होतात.

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार करायचा कशाला? तर एफ-१६ च्या नाकावर प्रॉपेलर लावला की ते बघवत नाही, म्हणून. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आकाशात जेट दिसू लागली आणि मॉडेलवाल्यांना लगेच ती हवीशी वाटली. १९४० च्या दशकातच अमेरिकेत 'डायना-जेट' नावाचं पल्सजेट बाजारात आलं. जर्मनीच्या व्ही-१ बॉम्बमध्ये होतं त्याच तत्त्वाचं, हातभर लांबीचं. ते चालू झालं की नळी लालबुंद होते आणि आवाज दोन गावं ऐकतात. दोरीला बांधून गोल फिरवायच्या वेगाच्या स्पर्धांपलीकडे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. रेडिओ कंट्रोल तेव्हा बाल्यावस्थेत होता. मिशिगनच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी त्यांचं 'गफ' हे विमान १९३७ मध्ये रेडिओवर उडवलं होतं (ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे), पण व्हॉल्व्हचे जड सेट, एकच आज्ञा कशीबशी ओळखणारी यंत्रणा, अशा सामग्रीवर वेगवान जेट हाकणं शक्यच नव्हतं. दांडी जितकी हलवाल तितकंच नियंत्रण हलेल असे प्रपोर्शनल रेडिओ १९६० च्या दशकात रुळले, तेव्हा कुठे जेटचा विचार सुचायला हरकत नव्हती.

तो विचार आधी विजेवर गेला नाही. १९७० आणि ८० ची दशकं ग्लो इंजिनवर चालणाऱ्या डक्टेड फॅनची. मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल पिणारं पिस्टन इंजिन नळीच्या मधोमध बसवायचं आणि त्याच्या शाफ्टवर पंखा. या कामाला लागलेली माणसं हौशी होती, पण साधी नव्हती. बॉब क्रेस हे ग्रमन कंपनीत एफ-१४ टॉमकॅटच्या अभियांत्रिकीची धुरा सांभाळणारे अभियंते. मोकळ्या वेळात ते मॉडेलसाठी पंखे बनवायचे आणि पुढे त्यांनी त्याचाच उद्योग केला. आयोवातल्या आयडा ग्रोव्ह या छोट्या गावातून बायरन ओरिजिनल्सची एफ-१६ विमानं जगभर गेली. फ्लोरिडात बॉब व्हायोलेट यांनी पंखा आणि एअरफ्रेम दोन्हींची सफाई अशी वाढवली की त्यांची विमानं आजही त्या काळचा मापदंड मानली जातात. आजच्या फोमच्या जेटमध्ये हवेची नळी, तिचं तोंड, पंख्यामागची निमुळती होत जाणारी शेपटी यांची जी प्रमाणं दिसतात, त्यातलं बरंचसं शहाणपण या पिढीनं तेलात हात बरबटून मिळवलेलं आहे. इंजिन गरम व्हायचं, इंधनाची मात्रा ठरवणारी सुई थोडी चुकली की बंद पडायचं, आणि बंद पडलेलं जेट म्हणजे दगड. त्यामुळे हा खेळ मोजक्या लोकांचाच राहिला.

याच सुमारास खरं जेट इंजिन, म्हणजे टर्बाइनही, लहान झालं. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये जेरी जॅकमन यांनी टर्बाइनवरचं मॉडेल उडवलं, आणि दशकाच्या शेवटी जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती हत्यारांनी बनवता येईल असं इंजिन सिद्ध केलं. त्याचं कॉम्प्रेसर चाक चक्क प्लायवूडचं होतं, वर कार्बन तंतूंचा वेढा. केरोसीनवर चालणारी टर्बाइन्स नंतर कारखान्यांतून येऊ लागली, आणि ग्लो फॅनचा जमाना बघता बघता संपला. ज्याच्याकडे पैसा होता तो टर्बाइनकडे गेला. बाकीचे प्रॉपेलरवर परतले.

विजेची धारा तोवर वेगळ्याच पात्रातून वाहत होती. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांचं 'रेडिओ क्वीन' हे विमान विद्युत मोटरवर उडालं. रेडिओ नियंत्रित इलेक्ट्रिक उड्डाणाची पहिली अधिकृत नोंद हीच. बॅटरी चांदी-जस्ताची होती, म्हणजे खिसा रिकामा करणारी. जर्मनीत फ्रेड मिलिट्की अनेक वर्षं या प्रश्नाला चिकटून होते. त्यांच्याच पाठपुराव्यातून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे माणूस बसलेलं पहिलं इलेक्ट्रिक विमान उडालं, निकेल-कॅडमियम बॅटरीवर. अमेरिकेत बाउशर बंधूंच्या ॲस्ट्रो फ्लाइटनं ४ नोव्हेंबर १९७४ रोजी 'सनराइज' हे सौरऊर्जेवरचं पहिलं विमान उडवलं. या मंडळींना वेगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना शांत, स्वच्छ, हळू तरंगणारं विमान हवं होतं; लोकवस्तीजवळ इंजिनाच्या आवाजावरून होणारी भांडणं टळावीत हाही एक हेतू. विजेवरचं सगळ्यात कर्कश विमान पुढे आपल्याच वंशात जन्मेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

निकेल-कॅडमियमवर जेट का जमेना, हे आकड्यांत बघा. वर सांगितलेली ८९ वॅट-अवर ऊर्जा त्या काळच्या 'सब-सी' या मापाच्या गोल सेलमध्ये भरायची तर तीसेक सेल लागतात, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. आजचा तेवढ्याच ऊर्जेचा लिथियम पॅक साडेसहाशे ग्रॅमच्या आगेमागे भरतो. आणि मोटर? ब्रश घासणारी, फेराइट चुंबकांची. निम्मी ऊर्जा उष्णतेत जायची. नव्वदच्या दशकात जर्मनीत आणि जपानमध्ये काहींनी तरीही ईडीएफ उडवले. ती विमानं हाताने फेकावी लागत, सरळ जात आणि दोन-तीन मिनिटांत खाली येत. मी त्यांना वेडे म्हणणार नाही, पण त्यांच्या बायकांनी म्हटलं असेल.

सुटका तीन बाजूंनी झाली, आणि तिन्ही बाहेरून. पहिली चुंबकांची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक शोधलं. ते वापरलं गेलं संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, गाड्यांमध्ये. मॉडेलवाल्यांपर्यंत ते स्वस्त होऊनच आलं. दुसरी बाजू इलेक्ट्रॉनिक्सची: मॉस्फेट (मोठा करंट झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) आणि मायक्रोकंट्रोलर नाण्याएवढ्या किमतीत मिळू लागल्यावर ब्रश नसलेली, म्हणजे ब्रशलेस, मोटर चालवणारा ईएससी हा वेगनियंत्रक घडवणं शक्य झालं. या दोन्हींच्या संधिकाळात, २००० च्या आगेमागे, युरोपातल्या हौशी मंडळींनी भंगारातले सीडी-रॉम ड्राइव्ह फोडून त्यांच्या मोटरींवर नवी तार गुंडाळली, नवी चुंबकं चिकटवली आणि त्या विमानांवर लावल्या. अशा उद्योगांतून जे कळलं ते पुढे कारखान्यांनी उचललं. तिसरी आणि सगळ्यात मोठी बाजू म्हणजे लिथियम. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला तो कॅमेऱ्यासाठी. त्याचा चपटा पॉलिमर भाऊ मोबाइल फोनसाठी वाढला. सुरुवातीचे लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक इतके नाजूक होते की जास्त करंट मागितला की फुगायचे, पेटायचेही. पाचेक वर्षांत ते साठ-सत्तर अँपिअर बिनतक्रार देऊ लागले. इलेक्ट्रिक जेटची खरी जन्मतारीख शोधायची तर ती इथे, २००० च्या दशकाच्या मध्यात कुठेतरी आहे.

रेडिओचंही तेव्हाच बदललं. जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या काळात एका मैदानावर दोघांची फ्रीक्वेन्सी एक आली की एक विमान पडलंच म्हणून समजा. त्यासाठी फळीवर चिमटे लावून नंबर राखायची पद्धत होती. २००५ मध्ये पार्क फ्लायरसाठीचा (बागेत उडवायच्या छोट्या विमानांसाठीचा) २.४ गिगाहर्ट्झचा पहिला संच आला आणि काही वर्षांत चिमटे अडगळीत गेले. त्याच वर्षी जानेवारीत भारत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. तो निर्णय वाय-फायसारख्या गोष्टींसाठी होता, आपला फायदा आनुषंगिक.

राहिला सांगाडा. बाल्सा आणि फायबरग्लासचं जेट बांधायला हिवाळा जायचा. साच्यातून निघालेलं ईपीओ या चिवट फोमचं विमान चीनमधून रंगवून, डिकल चिकटवून, मोटर आणि चाकं घडी करणारी यंत्रणा बसवून येऊ लागलं. संध्याकाळी खोका उघडा, सकाळी उडवा. पाच-सहा पात्यांच्या जुन्या पंख्यांची किंकाळी बारा पात्यांच्या पंख्यांनी खाली आणली, आता तो आवाज लांबून टर्बाइनसारखाच भासतो. यात एक गोष्ट हरवली. पूर्वी जेट उडवणारा माणूस ते दुरुस्तही करू शकायचा. आता बरेच जण दुसऱ्या क्रॅशनंतर आख्खं फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, मागवतात.

आपल्याकडची वाट याला समांतर नव्हती. भारतात एरोमॉडेलिंग पिढ्यान्‌पिढ्या पोचलं ते एनसीसीच्या एअर विंगमधून, आणि तेही मुख्यतः दोरीवर गोल फिरणाऱ्या कंट्रोल-लाइन विमानांतून. कोलकात्यात बनणारी 'ऑरोरा' डिझेल इंजिनं त्या काळच्या मुलांना ठाऊक असायची. ग्लो डक्टेड फॅनचं युग आयात निर्बंधांच्या काळात इथे जवळपास आलंच नाही. त्यामुळे मधली पायरी न चढता आपण थेट फोमच्या ईडीएफवर उतरलो. बाजारातल्या विमानांत आपल्या ओळखीचं एक आहे, फ्रीविंग कंपनीचं, ८० मिलिमीटर पंख्याचं मिग-२१. मूळ मिग-२१ नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये बनत होतं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला ते हवाई दलातून निवृत्त झालं. त्रिकोणी पंखांमुळे मूळ विमान जसं वेगात उतरायचं तसंच हे फोमचंही उतरतं, आणि त्याला नीट धावपट्टी लागते. ओबडधोबड माळरानावर पहिल्याच दिवशी पुढचं चाक मोडून हातात येतं. शिवाय पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर. मेच्या दुपारी तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते आणि पंख्याचा थ्रस्ट त्याच हिशेबाने उतरतो. परदेशी व्हिडिओत जे विमान गवतावरून सुटतं ते इथे का सुटत नाही, याचं अर्धं उत्तर एवढंच आहे.

कायद्याचा भाग अलीकडचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मानवरहित विमानांच्या नागरी वापरावर सरसकट बंदी घातली, डिसेंबर २०१८ पासून परवानग्यांची किचकट चौकट आली, आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सैल केली. शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला तिथे 'मॉडेल' म्हणून वेगळी ओळख मिळाली. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या मंजुरीचं प्रमाणपत्र, लागत नाही. बिगर-व्यावसायिक वापरात दोन किलोपर्यंत पायलट प्रमाणपत्राचीही अट नाही. ७० मिलिमीटरचं जेट सहसा या रेषेच्या अलीकडे राहतं, ८० मिलिमीटरचं पलीकडे जातं, म्हणून घेताना वजनाचा काटा बघावा.

मात्र ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार ड्रोनच्या, आणि सुट्या भागांच्या संचाच्याही, आयातीवर बंदी आली. वेगवेगळे घटक आणायला मोकळीक ठेवली. नियमांच्या व्याख्येत मॉडेल विमान याच कुळात बसतं. तेव्हा खोक्यातल्या चकचकीत जेटचा रस्ता अरुंद झाला आहे आणि पंखा, मोटर, ईएससी वेगळे मागवून सांगाडा डेप्रॉन (पातळ फोम) किंवा कोरोप्लास्टच्या (पन्हाळी प्लास्टिकच्या) शीटमधून घरी कापण्याचा रस्ता पुन्हा वापरात येतो आहे. अशा घरगुती जेटची नळी गुळगुळीत करण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. तोंडाशी कड धारदार राहिली तर थ्रस्टचा चांगलाच वाटा तिथेच वाया जातो, आणि मग चार मिनिटांचीही तीन होतात.