पट्टी नाहीशी झाली, पण सिद्ध काय झालं?

वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुन्यातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, घेतात आणि हवं ते प्रथिन प्रतिपिंडाने (ठरावीक प्रथिनाला धरणाऱ्या रेणूने, antibody) शोधतात. तिथे हव्या त्या जागी गडद पट्टी उमटली, तरी प्रतिपिंड तिथे प्रथिन ओळखून बसलंय की नुसतंच चिकटलंय, हे पट्टीकडे पाहून कळत नाही. म्हणून ज्या तुकड्याविरुद्ध ते प्रतिपिंड तयार केलं, तोच साधारण १० ते २० अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत जोडून घेतात. हे ब्लॉकिंग पेप्टाइड. प्रतिपिंडाच्या पकडी त्याने आधीच भरल्या, की खरी पट्टी उमटायला नको.

आधी स्पष्ट पट्टी देणारं प्रतिपिंडाचं सर्वांत पातळ प्रमाण शोधा. मग एका नळीत १ मायक्रोग्रॅम प्रतिपिंडाला ५ मायक्रोग्रॅम पेप्टाइड घाला. दुसऱ्या नळीत तेवढंच प्रतिपिंड आणि पेप्टाइडऐवजी नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). दोन्ही नळ्या खोलीच्या तापमानाला अर्धा तास किंवा ४ अंशांवर रात्रभर हलत्या ठेवा आणि एकाच नमुन्याच्या दोन सारख्या मेम्ब्रेनवर वापरा. पाचपट थोडं वाटेल. पण प्रतिपिंड सुमारे १५० किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं एकक) आणि १५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड जेमतेम दीड-पावणेदोन किलोडाल्टनचं, त्यामुळे रेणू मोजले तर पेप्टाइड चारशेपटींहून जास्त भरतं. फोटो काढताना दोन्ही मेम्ब्रेनना एक्स्पोजर सारखंच द्या. यंत्रावर सोडलं तर फिकी पट्टीही गडद दिसते.

पट्टी गेली नाही, तर ती पकडीबाहेर नुसत्या चिकटण्याची असू शकते, किंवा दुय्यम प्रतिपिंडाची, म्हणजे पहिलं प्रतिपिंड दिसावं म्हणून त्यावर बसवलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाची. ऊतींच्या नमुन्यात ५० आणि २५ किलोडाल्टनला दिसणाऱ्या पट्ट्या अनेकदा नमुन्यातल्याच प्रतिपिंडांच्या असतात. प्रतिपिंड घडी पडलेल्या प्रथिनाचा आकार ओळखणारं असेल, तर सरळ पेप्टाइड त्याला अडवूच शकत नाही.

पट्टी गेली, की बरेच जण तिथेच थांबतात, आणि खरी चूक इथेच होते. तसाच तुकडा असलेलं भलतंच प्रथिन प्रतिपिंड त्याच पकडीने धरतं, म्हणून त्याची पट्टीही पेप्टाइडने नाहीशी होते. बंधन पकडीतून झालं, एवढंच यातून कळतं. पकडलं कोणाला, ते नाही. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिपिंड पडताळण्याच्या पाच पद्धती सुचवल्या, त्यांत ही चाचणी नाही. जनुक काढून टाकलेल्या पेशींवरची तपासणी मात्र आहे.

तरीही एका ठिकाणी हे पेप्टाइड फार उपयोगी पडतं. प्रतिपिंड फॉस्फेट लागलेल्या प्रथिनापुरतंच असल्याचा दावा असेल, तर फॉस्फेटसह आणि फॉस्फेटविना अशी दोन पेप्टाइडं वापरा. पहिल्याने पट्टी जायला हवी, दुसऱ्याने टिकायला हवी. दोन्हींनी गेली, तर त्या प्रतिपिंडाला फॉस्फेटचा फरक कळत नाही.