रुग्ण गाडीत असताना सायरन: नियम आणि सवयीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात पेशंटला बाजेवर घालून किंवा बैलगाडीतून दवाखान्यात नेल्याच्या आठवणी अजून घराघरात आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा जखमींना मिळेल त्या ट्रकमधून, जीपमधून न्यावं लागलं. ‘एकशे आठ’ ही रुग्णवाहिका सेवा आली ती 2014 मध्ये. राज्यभरात 937 गाड्या, त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षण सुविधेच्या. सायरन गावोगाव ओळखीचा झाला तो खऱ्या अर्थानं तेव्हापासून.

कायदा त्याहून जुना. 1989 च्या मोटार वाहन नियमांनी इतरांना अनेक सुरांचा हॉर्न बंद केला, रुग्णवाहिकेला मात्र सूट दिली. रुग्णवाहिका आली की गाडी बाजूला घ्यायची, हेही त्याच वर्षीचं. पण रुग्णवाहिकेनं स्वतः सायरन कधी वाजवायचा, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2017 च्या मे महिन्यात मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले आणि सगळी चर्चा त्यावरच झाली. जूनमध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम आले, त्यांची बातमी जेमतेम झाली.

खरा गुंता याच विनियमांत आहे. सायरन आणि दिवे चालू असतील तर काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडता येतो, वेगमर्यादाही मोडता येते. मात्र जीव वाचवायचा असेल किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तरच. म्हणजे सवलत तातडीला आहे, गाडीला नाही. मग तातडी ठरवायची कुणी? ‘एकशे आठ’मध्ये डॉक्टर असतात, चालकाला ‘पायलट’ म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी निघते ‘रेफर’ अशी. त्या शब्दात पुढची तपासणीही येते आणि अखेरची धडपडही. नातेवाईक त्याचा एकच अर्थ घेतात, आणि सायरन बंद दिसला की पायलटवर चिडतात. त्यांची घालमेल खोटी नसते. पण सलाईन लावलेला, नाडी-रक्तदाब ठीक असलेला पेशंट आणि श्वास अडकलेला पेशंट एकाच आवाजात नेले जातात, हे बरोबर नाही.

बीडहून संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापर्यंत सव्वाशेहून जास्त किलोमीटर. मोकळ्या महामार्गावर सायरन कुणाला हटवणार? अडचण होते ती शहरात शिरल्यावर. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल शहरात 1995 मध्ये पेशंट दवाखान्यात नेताना सायरननं किती वेळ वाचतो, हा हिशेब घड्याळ लावून केला गेला. सायरननं सरासरी 43.5 सेकंद वाचले. आपले रस्ते निराळे, अंतरं मोठी. पण असं मोजमाप इथंही व्हायला हवं, कारण त्या आवाजात डॉक्टरला स्टेथोस्कोपनं छाती नीट ऐकू येत नाही आणि भेदरलेल्या पेशंटची धडधड वाढते.

2018 पासून लागू झालेल्या मानकानं रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. गाडीची बांधणी ठरली, रस्त्यावरच्या इतरांची जबाबदारीही ठरली. निघताना पेशंटची अवस्था पाहून डॉक्टरनं पायलटला काय सांगायचं, ते मात्र अजून ज्याच्या त्याच्या समजुतीवर चाललं आहे.