शिंपल्यांची दाटी आणि समुद्रतळावरचे भक्षक

पेरलेल्या शिंपल्यांची दाटी वाढली किंवा घटली की त्यांना खाणारे तारामासे व खेकडे आपले खाणे आणि वावर बदलतात. या बदलाला भक्षकांचा दाटीला प्रतिसाद म्हणतात. नेदरलँड्समध्ये ओस्टरस्खेल्डे खाडीत आणि वाडेन समुद्रात निळ्या शिंपल्यांचे, म्हणजे आपल्या शिणाण्यांच्या भाऊबंदांचे, बी (लहान पिल्ले) थेट तळावर पसरतात. तिथे किती दाट पेरावे हा प्रश्न दर हंगामाला उभा राहतो.

एकट्या भक्षकाचे गणित सोपे आहे. शिंपले विरळ असले की वेळ शोधण्यात जातो. दाट असले की शोधावे लागत नाही, पण फोडायला लागणारा वेळ कमी होत नाही. म्हणून खाणे आधी झपाट्याने वाढते, मग एका मर्यादेला थांबते. कॅनडाचे परिसंस्थातज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी डोळे बांधलेल्या माणसाला टेबलावरच्या सँडपेपरच्या चकत्या चाचपून उचलायला लावल्या आणि १९५९ मध्ये याचे सूत्र मांडले.

तारामाशाची मर्यादा लवकर येते. तो शिंपल्याला बाहूंनी कवटाळतो, नळीसारख्या असंख्य पायांनी दोन्ही शिंपा ओढत राहतो आणि केसभर फट पडताच स्वतःचे जठर बाहेर काढून आत सारतो. एका शिंपल्याला काही तास सहज लागतात. किनारी खेकडा चपळ असतो. तो शिंपला नांग्यांत फिरवून पाहतो आणि फोडता येण्याजोगा मोठा सोडून बेताचा उचलतो, कारण तेवढ्याच वेळात त्यातून जास्त पोषण मिळते.

मात्र टाकीतल्या एका खेकड्याचे आकडे शेताला लावणे चुकीचे ठरते. दाट शिंपल्यांकडे आसपासचे भक्षक ओढले जातात. तारामाशांची तर सलग फळी सरकत येते आणि मागे नुसत्या रिकाम्या शिंपा उरतात. माझ्या मते नुकसान ठरते ते या गोळा होण्यामुळे. दुसरीकडे, दाटीत शिंपले अंगातून निघणाऱ्या धाग्यांनी एकमेकांना घट्ट बांधून घेतात, त्यामुळे गठ्ठ्याच्या आतले बचावतात आणि कडेचे आधी जातात. फार दाट पेरले तर शिंपल्यांनाच खाद्य अपुरे पडते. नुकतेच टाकलेले, अजून चिकटायचे असलेले बी तर खेकड्यांना आयतेच सापडते.

तारामासे काढायला सुताचे गुंतवळ तळावरून ओढतात. अमेरिकेतल्या लाँग आयलंड साउंडमधले कालवेवाले पूर्वी त्यात अडकलेले तारामासे चिरून परत पाण्यात टाकत. मधल्या चकतीचा भाग असलेला तुकडा पुन्हा पूर्ण वाढतो, त्यामुळे ही मेहनत उलटत असे. नदीमुखाजवळच्या कमी खाऱ्या पाण्यात तारामासे टिकत नाहीत, पण तिथे शिंपलेही सावकाश वाढतात.

दोरावर टांगून केलेल्या शेतीत तळाचे भक्षक पोचत नाहीत. तरी दोरावरून गळणारे शिंपले खाली साचतात आणि खेकडे, तारामासे त्या ढिगांवर जमतात.