स्कॅन सुरू झाला की कॉम्प्युटर का मान टाकतो?

अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावून चहा प्यायला जावं आणि परत येऊन बघावं तर स्क्रीन काळी. पुन्हा चालू करून पुन्हा स्कॅन लावला तरी तेच. अशा वेळी ‘व्हायरसच असणार’ म्हणून लोक फॉरमॅट मारून मोकळे होतात. आठवड्याने मशीन परत तसंच बंद पडतं, कारण बिघाड बहुतेकदा विंडोजमध्ये नसतोच.

फुल स्कॅन म्हणजे कॉम्प्युटरची दिवाळीची साफसफाई. रोजच्या वापरात आपण डिस्कचा एखादा कोपरा हाताळतो, स्कॅन मात्र प्रत्येक फाइल उघडतो, झिप सोडवतो, आतला मजकूर मेमरीत घेऊन तपासतो. माळ्यावरचा डबा उचलल्यावरच कळतं की त्याचं बूड गंजलंय. डिस्क, मेमरी, प्रोसेसर आणि पंखा हे सगळे तासभर एकाच वेळी कामाला लागतात, आणि त्यातला जो कच्चा असेल तो आधी पडतो.

म्हणून पहिला प्रश्न असा, की मशीन बंद पडलं ते नेमकं कसं? निळी पडदी (ब्लू स्क्रीन, नव्या विंडोज ११ मध्ये ती काळी असते) येऊन, की दिवा गेल्यासारखं एकदम, की माउससकट सगळं गोठून? निळी पडदी क्षणभर चमकून निघून जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढा. आता पडदी थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टिम विभाग बघा. तिथे ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद बहुधा असतेच आणि लोक तिलाच कारण समजतात. ती फक्त इतकंच सांगते, की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडदीचा चूक-क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला नोंद करायलाही वेळ मिळालेला नाही. म्हणजे वीज तुटली, उष्णतेने बंद पडलं किंवा पार गोठल्यावर कुणीतरी बटण दाबून धरलं.

एकदम बंद पडणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिला संशय उष्णतेवर. कोअर टेम्पसारखं प्रोसेसरचं तापमान दाखवणारं मोफत साधन चालू ठेवून स्कॅन लावा आणि आकडा बघत बसा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतो. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर रचलेलं असतं. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली, की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण १५ अंश वर चढतो. जानेवारीत निमूट चालणारा स्कॅन नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात मशीन पाडतो तो यामुळे. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि धातूची जाळी यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी गादी बसलेली सापडेल. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही बदलून घ्या. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून स्कॅन लावू नका, खालची हवा बंद होते.

डेस्कटॉप थंड असूनही असाच बंद पडत असेल तर एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलून बघा. पण त्याच मशीनवर भारी गेम दोन तास सुरळीत चालत असेल तर उष्णता आणि एसएमपीएस जवळजवळ निर्दोष. गेमचा ताण स्कॅनपेक्षा जास्त असतो. तेव्हा डिस्क, मेमरी आणि ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) यांच्याकडे वळायचं.

डिस्कचं लक्षण म्हणजे स्कॅन दर वेळी त्याच फोल्डरपाशी अडकतो. जुन्या हार्ड डिस्कवरचा कमजोर सेक्टर (डेटा ठेवायचा छोटा कप्पा) वाचता आला नाही, की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचत राहते, विंडोज वाट बघत बसतं आणि आपल्याला सगळं गोठलेलं दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाने ७ क्रमांक असेल तर खराब ब्लॉक सापडला, १५३ असेल तर वाचन पुन्हा करावं लागलं. निळ्या पडदीवर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ आली तरी बहुधा हीच दिशा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे वाचता न आलेल्या संशयित सेक्टरचा, आकडा शून्याच्या वर दिसला, की हातातलं काम सोडा आणि आधी फोटो, टॅलीचा डेटा, जे काही असेल ते दुसरीकडे उतरवून घ्या. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, नंतर. मरणाऱ्या डिस्कवर आधी चेकडिस्कची पूर्ण तपासणी लावणं म्हणजे आजारी माणसाला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावणं.

मेमरीचा बिघाड याच्या उलट वागतो. जागा ठरलेली नसते आणि निळ्या पडदीवर दर वेळी नवंच नाव येतं. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवताना एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा, मूळची ‘स्टँडर्ड’ चाचणी वरवरची आहे. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे ४ फेरे रात्रभर लावले तर अधिक चांगलं. एक जरी चूक निघाली तरी ती जास्तच. रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावा, दोषी पट्टी सापडते.

आता ड्रायव्हर. अँटिव्हायरसचा एक तुकडा विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसून प्रत्येक फाइलची ये-जा अडवतो. तिथे चूक झाली तर एक प्रोग्रॅम बंद होत नाही, अख्खं मशीन कोसळतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले, ते असंच. घरच्या मशीनवर बहुधा भानगड असते दोन अँटिव्हायरसची: मुदत संपलेला जुना आणि त्यावर टाकलेला नवा. एकाने फाइल उघडली की दुसरा तिला अडवतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एफएलटीएमसी (fltmc) ही अक्षरं टाइप केली, की असे सगळे चौकीदार रांगेत दिसतात. ‘अल्टिट्यूड’च्या, म्हणजे चौकीदाराच्या जागेच्या क्रमांकाच्या, रकान्यात ३२०००० ते ३२९९९९ हा पट्टा अँटिव्हायरसचा. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर ३२८०१० वर असतो. त्याखेरीज दोन कंपन्यांचे ड्रायव्हर दिसले तर चोर सापडला. कंट्रोल पॅनेलमधून काढूनही जुना राहत असेल तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा.

अजूनही उलगडा होत नसेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो मशीन रिस्टार्ट करून नेहमीच्या विंडोजच्या बाहेर चालतो, म्हणजे तुमचे ड्रायव्हर हजर नसतात. तो साधारण पाव तासाचाच असतो, त्यामुळे सुखरूप पार पडला तरी हार्डवेअरला लगेच क्लीन चिट देऊ नका. तिथेही मशीन पडलं तर मात्र संशय जवळपास पूर्ण हार्डवेअरवर.

आणि एक गंमत. डिफेंडर ठरलेल्या वेळेच्या स्कॅनमध्ये प्रोसेसरचा सरासरी वापर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायला बघतो, हाताने लावलेल्या स्कॅनला मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा लागू नसते. रात्रीचा स्कॅन गुपचूप पार पडतो आणि दुपारी तुम्ही लावलेला मशीन पाडतो, असं दिसलं तर आधी पंख्याची जाळी साफ करा.