टेंट परत आणताना: फेस्टिव्हलला निघणाऱ्या मंडळींसाठी माहिती

"तुम्ही दिलेला टेंट गळका होता. पाऊस नव्हता, तरी सकाळी आतून ओला झाला होता." नाशिकच्या आमच्या दुकानातून भाड्यानं दिलेले टेंट हिवाळ्यात परत घेताना आम्ही हे वारंवार ऐकतो. अशी तक्रार आली की तो टेंट गच्चीत उभा करतो आणि त्यावर पाइपने पाणी मारतो. बहुतेक वेळा आत थेंबही येत नाही.

ते पाणी तुमच्याच श्वासातलं असतं. निरभ्र रात्री टेंटचं वरचं कापड, म्हणजे फ्लाय, बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतं. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याला लागली की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं पाणी सुटतं. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा मळ्यातल्या सखल जागेत हवा आधीच दमट असते, त्यामुळे हा प्रकार तिथे जास्त होतो. त्यात थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की पहाटे आतून अक्षरशः थेंब पडतात. फ्लायच्या दोन्ही जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि दोऱ्या ताणून बांधा, म्हणजे फ्लाय आतल्या कापडाला चिकटणार नाही. पिशवीवर २००० मिमी असा आकडा दिसेल. दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलला तरी पाणी आरपार जात नाही, असा त्याचा अर्थ. साध्या पावसाला तो टेंट पुरून उरतो.

थंडीचं म्हणाल तर ती जमिनीतून येते. स्लीपिंग बॅगखाली फोमची मॅट नसेल तर महागातली बॅगही उपयोगाची नाही, कारण अंगाखाली दबलेलं बॅगेतलं भरण ऊब धरत नाही. दोन्ही आमच्याकडे मिळतं. घरी जाड सतरंजी असेल तर तीही चालेल, ती घ्या.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. टेंट ओला गुंडाळू नका.

शेवटच्या दिवशी सकाळी काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. तीन रात्री झोप नसते, कुणाची मुंबईची गाडी असते, गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. दवानं भिजलेला टेंट तसाच गुंडाळून पिशवीत कोंबला जातो. तिथपर्यंतही बिघडलेलं काही नसतं. बिघडतं ते पुढे. बिल एकाच्या नावावर असतं, टेंट दुसऱ्याच्या गाडीच्या डिकीत असतो आणि ती गाडी पुण्याला गेलेली असते. आठ मित्रांत प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं टेंट परत दिला असेल. आठवड्यानं पिशवी आमच्याकडे येते आणि तोंड उघडताच कुबट वास येतो.

बंद पिशवीत ओलं कापड उबेला राहिलं की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. काळे ठिपके कापडात उतरले की ते जात नाहीत, वास तेवढा कमी होतो. त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर कापडाच्या आतल्या बाजूला असतो. तो सारखा ओलसर राहिला की हळूहळू विरघळून चिकट होतो आणि शिवणीवरची पट्टी सुटते. मग तो टेंट खरंच गळतो, पुढच्या ग्राहकाच्या डोक्यावर. असा टेंट आम्ही भाड्यानं देत नाही, बाजूला काढतो.

टेंट नुसता ओला आला तर आमचे दोन दिवस जातात. कोमट पाणी, साधा साबण, स्पंज आणि सावलीतलं वाळवण. वॉशिंग मशीन नाही, ब्लीच नाही, कडक उन्हात तासन्‌तास टांगणंही नाही, कारण उन्हानं कापड कमजोर होतं. त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणाचं बुकिंग असतं आणि त्यांना आम्हाला नाही म्हणावं लागतं. अनामत रक्कम थोडी जास्त घेतो ती एवढ्यासाठी. कोरडा किंवा वेळेवर आलेल्या टेंटची अनामत हिशेब न काढता तिथल्या तिथे परत देतो, हे जुन्या ग्राहकांना विचारा.

तुम्ही करायचं ते थोडकं आहे. सकाळी उठल्याबरोबर फ्लाय काढून झटका, फडक्यानं पुसा आणि झुडपावर किंवा गाडीवर उलटा टाका. नाशिकच्या हिवाळी उन्हात चहा-पोहे होईपर्यंत तो वाळतो. द्राक्षाच्या तारांवर मात्र टाकू नका. तारेनं कापड फाटतं, फवारणीचे डाग पडतात आणि फेब्रुवारीत त्या वेलींवर कुणाचं तरी तोडणीला आलेलं पीक असतं. वेळच नसेल तर टेंट गुंडाळू नका. मोठ्या पिशवीत सैल भरा आणि त्याच दिवशी आमच्याकडे आणा. ओला आणलात म्हणून कुणाला बोल लावत नाही, फक्त ओला आहे हे सांगा.

नाशिकजवळच्या सुला वाइनरीच्या द्राक्षमळ्यात २००८ साली संगीत महोत्सव सुरू झाला. तिथे जाणारा नाशिककर निदान त्याच दिवशी परत येऊ शकतो. सप्टेंबरात अरुणाचलला झिरोला निघालात तर गोष्ट वेगळी आहे. २०१२ पासून तिथल्या दरीत चार दिवसांचा महोत्सव भरतो. मुक्काम टेंटमध्ये, पाऊस ठरलेला आणि परतीचा प्रवास दोन-तीन दिवसांचा. तिथून टेंट कोरडा येणं कठीण, हे आम्ही धरूनच चालतो. गुवाहाटीत किंवा वाटेत जिथे मुक्काम कराल तिथे खोलीत पंख्याखाली फ्लाय पसरा. एक रात्र पुरते. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात जाण्याचा सरकारी परवाना लागतो, तो बुकिंगआधी काढा.

दोन जणांना आम्ही तीन माणसांचा टेंट सुचवतो. जास्त भाडं मिळावं म्हणून नाही. पिशवीवरचा आकडा माणसं खेटून झोपतील तेवढ्याचा असतो, त्यात सॅक आणि चिखलाचे बूट धरलेले नसतात. भिंतीला सामान टेकलं की तिथून ओल आत येते आणि पुन्हा गळक्या टेंटची तक्रार होते.

आमच्या मुरमाड जमिनीत खुंट्या वाकतात. त्या हातोड्यानं ठोकण्यापेक्षा दोरी मोठ्या दगडाला बांधा. काठ्या घडी करताना मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे आतला इलॅस्टिक सगळीकडे सारखा ताणला जातो. टेंटच्या आत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नका. बंद जागेत त्यातून निघणारा विषारी वायू साठतो आणि झोपेतल्या माणसाला तो कळत नाही. याबाबत आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

ग्रुपनं टेंट घेताना यंदापासून प्रत्येक टेंटमागे एक नाव आणि एक मोबाइल नंबर लिहून घेतो. पिशवीला त्या नावाची चिठ्ठी बांधलेली असेल. जो टेंटमध्ये झोपला त्यानंच तो परत आणायचा. मित्राच्या हाती पाठवायचा असेल तर आम्हाला आधी फोन करा, म्हणजे नाव बदलून घेऊ. फेस्टिव्हलच्या शेवटच्या रात्री दुकान दहापर्यंत उघडं ठेवतो. त्यानंतर आलात तर शटरशेजारी निळा ड्रम आहे. त्यात पिशवी तोंड उघडं ठेवून सोडा, सकाळी आम्ही वाळत घालतो.